अत्याचारित स्त्रीची साक्ष आणि अपिलातील न्याय



अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत वकिली करताना एक प्रश्न माझ्यापुढे वारंवार आला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर किंवा मोर्शीकडच्या एखाद्या खेड्यातून बाप येतो, भाऊ येतो, कधी विधवा आई येते. मुलगी सोबत असते किंवा नसते. झालेला प्रकार चार शब्दांत सांगून संपतो, कारण पाचवा शब्द तोंडातून निघत नाही. आणि मग विचारले जाते : "वकील साहेब, पाह्यनारं तं कोनीच नव्हतं. मंग केस टिकंन काय?"

कायद्यातील उत्तर एका ओळीचे आहे. कोणतीही गोष्ट शाबीत करण्यास अमुक इतके साक्षीदार पाहिजेत, असे आपला पुराव्याचा कायदा म्हणत नाही. १८७२ च्या कायद्यात हे तत्त्व होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. जिच्यावर अत्याचार झाला त्या एकट्या स्त्रीची जबानी विश्वसनीय वाटली, तर तेवढ्यावर आरोपीस शिक्षा होऊ शकते. परंतु एवढे ऐकून कोणी निश्चिंत मनाने घरी जाऊ नये. कारण खटला सत्र न्यायालयात संपत नाही. शिक्षा झाली तर आरोपी अपिलात जातो, सुटला तर सरकार किंवा फिर्यादी अपिलात जाऊ शकतात. आणि सत्र न्यायालय व अपील न्यायालय यांच्या पाहण्यात एक मोठा भेद आहे, तो आपल्या लोकांस सहसा कोणी समजावून सांगत नाही.

सत्र न्यायाधीश माणूस पाहतो. ती मुलगी त्याच्यासमोर उभी असते. तिचे अडखळणे, गप्प होणे, उलटतपासणीत मान खाली जाणे हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर घडते. साक्षीदाराच्या वर्तनाविषयी टीप लिहिण्याची मुभा त्याला कायद्याने दिलेली आहे. किती ठिकाणी ती लिहिली जाते हा निराळा प्रश्न. अपिलातील न्यायमूर्तींपुढे मात्र मुलगी नसते. त्यांच्यापुढे कागदांची चळत असते : फिर्याद, पोलिसांनी घेतलेला जबाब, दंडाधिकाऱ्यांपुढील जबाब, डॉक्टरांचा दाखला, पंचनामा, न्यायालयातील साक्ष आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर. हुंदका कागदावर उतरत नाही. उतरतात ते शब्द, आणि दोन ठिकाणच्या शब्दांतला फरक.

आपल्या वऱ्हाडची अपिले नागपुरास जातात. १९३६ साली तेथे स्वतंत्र उच्च न्यायालय झाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ते मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ झाले. ज्या न्यायमूर्तींनी या विषयावरचा मूळ नियम स्वतंत्र भारतात प्रथम नीट मांडला, ते व्हिव्हियन बोस याच नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि १९५१ साली तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. राजस्थानातील आठ वर्षांच्या एका मुलीच्या प्रकरणात त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी सांगितले की, अशा मुलीच्या जबानीला दुसऱ्या पुराव्याची पुष्टी असलीच पाहिजे असा कायदा नाही. पुष्टीची गरज आहे की नाही हा विचार न्यायाधीशाने मनात जागा ठेवावा, एवढाच सावधगिरीचा दंडक आहे. त्या मुलीने घटनेनंतर सुमारे चार तासांनी आईला हकिकत सांगितली होती. ते आईजवळचे बोलणेसुद्धा पुष्टीचा पुरावा म्हणून त्यांनी ग्राह्य धरले. आईपाशी बसून रडत सांगितलेली गोष्ट न्यायालयात मोलाची ठरू शकते, हे आपल्या घरांतून माहीत असले पाहिजे.

नियम इतका स्वच्छ होता. तो वापरणाऱ्यांची दृष्टी तितकी स्वच्छ नव्हती, याची साक्ष आपल्याच विदर्भातील एका खटल्याने दिली.

त्या मुलीचे नाव मी येथे लिहिणार नाही. सारा देश तो खटला तिच्याच नावाने ओळखतो. परंतु अशा स्त्रीचे नाव छापणे हा गुन्हा ठरविणारे कलम याच खटल्यानंतरच्या आंदोलनातून १९८३ साली कायद्यात आले, तेव्हा निदान वकिलाने तरी तो संकेत पाळावा. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने आढळतो.

२६ मार्च १९७२ ची रात्र. गाव देसाईगंज, त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. मुलगी आदिवासी, आईबाप नसलेली, दुसऱ्यांच्या घरी मजुरीला जाणारी, वय चौदा ते सोळा. एका तरुणाशी तिचे लग्न व्हायचे ठरले होते आणि तिने घर सोडले होते. तिला पळवून नेल्याची तक्रार भावाने केली, म्हणून सर्वांना पोलीस ठाण्यात बोलावले गेले. जबाब झाले. बाकीच्यांना बाहेर जाण्यास सांगून मुलीला आत ठेवून घेण्यात आले. ठाण्याच्या आवारातच एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि मद्य प्यालेल्या हेड कॉन्स्टेबलने अंगचटीस जाऊन तसा प्रयत्न केला, असे तिने बाहेर आल्यावर सांगितले. लोक जमले, संतापले, तेव्हा कुठे फिर्याद नोंदविली गेली. डॉक्टरांनी तिला तपासले ते सुमारे वीस तासांनंतर.

आता हाच कागद तीन न्यायालयांनी कसा वाचला ते पाहा.

सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोघांना सोडले. शरीरसंबंध घडला हे मान्य केले, पण तो बलात्कार नव्हे असे ठरविले. मुलगी खोटे बोलणारी आहे आणि तिला अशा संबंधांची सवय आहे, असे तिच्याविषयी लिहिले गेले. नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी तो निर्णय फिरविला आणि शिपायास पाच वर्षे, हेड कॉन्स्टेबलला एक वर्ष शिक्षा दिली. उच्च न्यायालयाचे म्हणणे असे की, रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, दोन अनोळखी पोलिसांच्या ताब्यात सापडलेली मुलगी निमूट राहिली म्हणजे तिने संमती दिली असे होत नाही. निरुपायाने शरण जाणे निराळे आणि राजी होणे निराळे. यानंतर १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. अंगावर जखम नाही, ठाण्याबाहेर आपली माणसे असताना तिने त्यांना हाक मारली नाही, सबब जोराचा प्रतिकार केल्याची कथा खोटी. आणि प्रतिकाराची कथा खोटी म्हणून संबंध संमतीचा, अशी ती विचारसरणी होती.

येथे थोडे थांबून पाहा. देसाईगंजच्या ठाण्यात पोलिसाने हात धरल्यावर चौदा-सोळा वर्षांच्या मजूर मुलीने आरडाओरडा का केला नाही, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यात कधी शिपायाला घाबरून पायवाट बदललेली नाही त्यांनाच पडू शकतो. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, तो त्यांना वाडा आवडत होता म्हणून नव्हे. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहून हेच विचारले. संमती आणि शरणागती यांतला भेद कायद्यातच आहे, मग सर्वोच्च न्यायालयाला तो का दिसला नाही? मुलीचे दारिद्र्य, तिचे वय, ठाण्यातली रात्र, यांतले काहीच का दिसले नाही? पुढच्या वर्षी ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या. निकालाचा फेरविचार झाला नाही. कायदा मात्र बदलावा लागला.

पण या खटल्यात आणखी एक गोष्ट आहे. न्यायालयाला दोष देऊन झाल्यावर ती सांगण्याचे धैर्य आपण ठेवले पाहिजे. हेड कॉन्स्टेबल सुटला तो तिच्या पहिल्या फिर्यादीत त्याच्या माथी मारलेली काही कृत्ये न्यायालयातील साक्षीत शिपायाकडे गेली म्हणून. आणि आरडाओरडा व जोराचा प्रतिकार यांविषयी जे सांगितले गेले त्याला इतर पुराव्याचा आधार सापडला नाही, म्हणून सारी साक्षच संशयात ढकलली गेली. प्रतिकाराची हकिकत नसतीच, 'मी घाबरले, माझ्याने काही झाले नाही' एवढेच कागदावर असते तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. त्या काळी तेवढे पुरलेही नसते कदाचित. आज पुरते, आणि ते का पुरते हे समजून घ्या.

१९८३ च्या दुरुस्तीने असे ठरले की, पोलीस, तुरुंगाधिकारी, रुग्णालयातील कर्मचारी अशांच्या ताब्यातील स्त्रीशी शरीरसंबंध झाल्याचे शाबीत झाले आणि तिने न्यायालयात 'माझी संमती नव्हती' असे सांगितले, तर संमती नव्हतीच असे न्यायालयाने गृहीत धरले पाहिजे. २०१३ च्या दुरुस्तीने हे गृहीतक पुष्कळ विस्तारले. जो पुरुष स्त्रीवर अधिकार किंवा वर्चस्व गाजविण्याच्या स्थितीत आहे, त्यालाही ते लागू झाले. कापूस वेचायला, सोयाबीन सोंगायला, निंदणाला ज्याच्या वावरात आपल्या बाया जातात, ज्याच्या हातून आठवड्याची मजुरी घेतात आणि ज्याच्याकडून लग्नकार्याला उचल घेतलेली असते, त्याची त्या मजुरणीपुढील स्थिती वर्चस्वाची नव्हे तर कशाची? मात्र हे वर्चस्व कागदावर आले पाहिजे. किती वर्षांपासून त्याच्याकडे कामाला जाता, उचल किती, घर कोणाच्या जागेत आहे, या गोष्टी फिर्यादीत लिहिल्या जात नाहीत. मग त्या अपिलात कोठून येणार? याच दुरुस्तीने संमतीची व्याख्याही आली. स्त्रीने अंगबळाने प्रतिकार केला नाही, केवळ एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येत नाही. देसाईगंजच्या मुलीला जे मिळाले नाही ते आज कायद्याच्या अक्षरांत आहे.

तिच्या चारित्र्याचे काय? ती सामान्यतः अनीतिमान आहे असे दाखवून तिची साक्ष मोडण्याची मुभा देणारे कलम २००३ च्या दुरुस्तीने वगळले गेले. स्त्रीची पूर्वीची सवय ठरविण्यासाठी डॉक्टर करीत असत ती दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तिच्या प्रतिष्ठेस बाधक ठरविली आणि ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात सांगितले की, ही चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनास पात्र समजला जाईल. कोणी तशी तपासणी करू लागला तर नकार देण्याचा तिला अधिकार आहे. हे तिच्या सोबत जाणाऱ्या बाईने ठामपणे सांगावे.

सर्वोच्च न्यायालयाची दृष्टी बदलल्याचा पुरावाही विदर्भातूनच मिळाला. १९८१ साली नागपुरात एका पोलीस फौजदारावर नुकत्याच लग्न झालेल्या तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप आला. सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने त्यास सोडले. जानेवारी १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पुन्हा कायम केली. न्यायमूर्ती अहमदी यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा गाभा असा की, बलात्कारित स्त्री ही गुन्ह्यातील साथीदार नव्हे. ती गुन्ह्याची बळी आहे. म्हणून साथीदाराच्या जबानीला लावायचा अविश्वास तिला लावता येत नाही. मारामारीत जखमी झालेल्या साक्षीदाराला जे वजन देता ते तिलाही द्या. देसाईगंजच्या निकालाशी ही तुलना करा : तेथे उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि वरच्या न्यायालयाने ती पुसली, येथे नेमके उलटे झाले. बारा वर्षांत कागद वाचणारे डोळे बदलले होते.

१९९६ साली पंजाबातील एका खटल्यात न्यायालयाने आणखी स्पष्ट शब्द वापरले. परीक्षा देऊन मामाच्या घरी निघालेल्या सोळा वर्षांखालील मुलीला मोटारीतून पळवून नेण्यात आले होते. खालच्या न्यायालयाने तिच्यावर विश्वास ठेवला नाही. कारणांमध्ये एक असे की मोटार कोणत्या बनावटीची होती ते तिला सांगता आले नाही, आणि दुसरे असे की दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसताना तिने बाईंना काही सांगितले नाही. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवून म्हटले की, किरकोळ विसंगतींवरून अशी साक्ष फेकून देणे म्हणजे तिच्या जखमेवर मीठ चोळणे होय.

तथापि वाचकांनी एकाच बाजूचे निकाल ऐकून फसू नये. २०१२ साली त्याच न्यायालयाने असेही सांगितले की, एकट्या साक्षीवर शिक्षा द्यायची तर ती साक्ष अस्सल नाण्यासारखी असली पाहिजे. पहिल्या जबाबापासून शेवटच्या शब्दापर्यंत तिच्यात मेळ असला पाहिजे. आरोपीचे वकील आज अपिलात हाच निकाल पुढे करतात. त्यात त्यांचे चूक काही नाही, ते त्यांचे काम आहे. दोन्ही परंपरा जिवंत आहेत. तुमच्या मुलीचा कागद कोणत्या परंपरेत बसेल हे बव्हंशी पहिल्या दोन-चार दिवसांत ठरते.

म्हणून आता घरातल्या गोष्टी बोलू.

फिर्याद द्यायला निघालेल्या मुलीभोवती घरातली चार शहाणी माणसे जमतात. काका म्हणतो, चाकू दाखवला असे सांग. मामा म्हणतो, त्याची तुझी ओळख होती हे सांगू नको. कोणी गावपुढारी म्हणतो, दोन माणसे आणखी गोव. हे सारे तिच्या हिताच्या बुद्धीने होते, आणि हेच तिचा घात करते. चाकू सापडत नाही. ओळख फोनमधून निघते. गोवलेला माणूस त्या दिवशी दुसऱ्या गावी होता हे सिद्ध होते. मग जे खरे होते तेही खोट्याच्या पंगतीत बसते. ओळख होती, बोलणे होते, प्रेमसुद्धा होते, तरी त्या दिवशी तिने नाही म्हटले असेल तर तो बलात्कारच होय; कायद्याला तिची ओळख लपविण्याची गरज नाही. गरज आपल्या प्रतिष्ठेच्या कल्पनेला आहे. मुलगी सांगेल तसे, तिच्याच शब्दांत, कमी नाही आणि जास्त नाही, एवढे लिहू द्या.

तिच्याच शब्दांत, हे मी माझी चूक सांगून पटवून देतो. काही वर्षांपूर्वीच्या एका खटल्यात मी फिर्यादीच्या बाजूने सरकारी वकिलांना साहाय्य करीत होतो. गाव, तालुका सांगत नाही. उलटतपासणीत मुलगी म्हणाली, "मंग म्या अंगच टाकून देल्लं." आपल्याकडे याचा अर्थ कोणत्याही बाईला विचारा : हातपाय गळाले, जीव उरला नाही. टंकलिखित साक्षीत ते वाक्य झाले, 'मी स्वतःला त्याच्या स्वाधीन केले'. मी शेजारीच बसलो होतो. माझ्या कानांनी वऱ्हाडी ऐकली आणि डोळ्यांनी कागद पाहिलाच नाही. अपिलासाठी भाषांतर होताना त्याचे इंग्रजी असे झाले की वाचणाऱ्यास ती राजीखुशीने गेली असे वाटावे. निकालाची कथा येथे नको. ते वाक्य मात्र शेवटपर्यंत बचावाच्या वकिलांच्या हातातले सर्वांत धारदार शस्त्र होते, आणि ते त्यांना माझ्या गाफीलपणाने मिळाले. साक्ष नोंदविल्यावर ती साक्षीदारास वाचून दाखवावी आणि चूक असल्यास तिने ती सांगावी, अशी तरतूद कायद्यात आहे. सही करण्यापूर्वी मुलीने म्हणावे, साहेब, मला वाचून दाखवा. त्या दिवसापासून मी प्रत्येक साक्ष ओळीवर बोट ठेवून वाचतो.

उशीर ही दुसरी गोष्ट. अशा गुन्ह्यात फिर्याद देण्यास विलंब झाला म्हणून खटला मोडत नाही, हे न्यायालयांनी पुष्कळदा सांगितले आहे. घराण्याची लाज, मुलीचे लग्न, गावाची भीती ही कारणे न्यायालय जाणते. पण कारण लिहिलेले असावे लागते. 'आरोपीच्या घरच्यांनी मिटवामिटवीसाठी बैठक बोलावली होती, तीन दिवस आम्हांला ठाण्यात जाऊ दिले नाही' हे फिर्यादीत असले तर विलंब दुबळा करीत नाही, उलट आरोपीचे वर्चस्व दाखवितो. नसले तर तोच विलंब रचलेल्या कथेचा पुरावा म्हणून वाचला जातो. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचा प्रश्न नंतरचा. तिची हकिकत स्त्री अधिकाऱ्याने लिहून घ्यावी, तिला तिची प्रत फुकट द्यावी, रुग्णालयाने तिच्यावर ताबडतोब विनामूल्य उपचार करावे, हे सारे कायद्याने बांधून दिलेले आहे. कपडे धुवू नयेत. हे वाक्य लिहिताना मलाच संकोच होतो. पण आया पहिली गोष्ट तीच करतात.

आता आपल्याशी खास संबंध असलेला एक मुद्दा. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. बौद्ध झालेल्या पूर्वाश्रमीच्या अनुसूचित जातींना अनुसूचित जातींत गणणारी दुरुस्ती १९९० ची. म्हणजे धम्मदीक्षेने त्या कायद्याचे संरक्षण सुटत नाही. पूर्वी न्यायालये विचारीत की, ती केवळ त्या जातीची होती म्हणून हा गुन्हा झाला काय? महाराष्ट्रातल्याच रामदास खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, स्त्री अनुसूचित जातीची आहे एवढ्याने हा कायदा लागू होत नाही. २०१६ च्या दुरुस्तीने मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ती कसोटी सैल झाली : ती त्या जातीची आहे हे आरोपीस ठाऊक असणे पुरते, आणि तो तिच्या घराला ओळखत असेल तर ते ठाऊक होते असे गृहीत धरले जाते. २७ एप्रिल २०२१ च्या निकालात, आंध्र प्रदेशातील एका अंध दलित तरुणीच्या प्रकरणी, न्यायमूर्तींनी जात, अपंगत्व आणि स्त्रीत्व यांचा भार एकाच देहावर कसा पडतो याची चर्चा केली. तिने आरोपीस आवाजावरून ओळखले होते, आणि ती ओळख डोळसाच्या ओळखीइतकीच ग्राह्य धरली गेली. मात्र त्याही खटल्यात जुन्या तरतुदीखालची अत्याचार कायद्याची शिक्षा पुराव्याअभावी टिकली नाही. बलात्काराबद्दलची जन्मठेप टिकली.

यासाठी जातीचा दाखला लागतो, मूळ जातीच्या उल्लेखासह. जी जात आपण टाकून दिली तिचेच नाव पुन्हा शासनाच्या कागदावर लिहून घ्यायचे, हे कित्येकांना जड जाते. मलाही गेले. पण गावाने तिला ज्या नावाने हेरले त्या नावाचा पुरावा न्यायालयात नसेल, तर त्या कायद्याखालचा आरोप उभा राहत नाही. दाखला तपास अंमलदाराकडे देऊन पोच घ्या.

आणखी एक बाजू बोललीच पाहिजे, कारण ती आपल्याच अंगणातली आहे. वरच्या म्हणविणाऱ्या जातीतील मुलगी आपल्या मुलाबरोबर लग्न करण्यास निघून गेली, की तिच्या घरचे बलात्काराची फिर्याद लिहवून आणतात. त्या वेळी पिंजऱ्यात आपला मुलगा असतो आणि साक्ष त्या मुलीची असते, तिच्या बापाने पढविलेली किंवा धाकाने वदविलेली. ती साक्षही याच कसोटीने पारखली जाते : पहिला शब्द आणि शेवटचा शब्द जुळतो काय, ती तिची आहे की घरच्यांची? म्हणून न्यायालय साक्ष तपासते त्याचा राग धरू नका. आपण मागतो ते एवढेच की तिची जात, गरिबी आणि गप्प राहणे हे तिच्याविरुद्धचे पुरावे समजले जाऊ नयेत. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर तिच्या संमतीला कायद्यात अर्थ उरत नाही, हेही घराघरांतल्या तरुणांस वेळेवर सांगून ठेवा.

आणि खालच्या न्यायालयात आरोपी सुटला तर? निर्दोष ठरलेल्या माणसाच्या पाठीशी निर्दोषत्वाचे गृहीतक दुहेरी होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले आहे. पुराव्याचे दोन अर्थ निघत असतील आणि खालच्या न्यायालयाने त्यांतला आरोपीच्या सोयीचा घेतला असेल, तर अपील न्यायालय सहसा तो बदलत नाही. वाट अवघड आहे, बंद नाही. ३१ डिसेंबर २००९ पासून अत्याचारित व्यक्तीला स्वतः अपील करण्याचा हक्क मिळाला. सरकारने अपील करावे म्हणून हात जोडत बसण्याची गरज उरली नाही, आणि २०१८ च्या निकालाप्रमाणे त्यासाठी न्यायालयाची आगाऊ परवानगीही लागत नाही. आरोपीस कमी गंभीर गुन्ह्यात दोषी धरले किंवा भरपाई अपुरी दिली, तरी हा हक्क आहे. अत्याचार कायद्याखालच्या विशेष न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत ९० दिवसांची आहे.

यास्तव निकाल लागला त्याच दिवशी, रडून झाले की, निकालाच्या आणि सर्व साक्षींच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज द्यावा. स्त्री म्हणून आणि अनुसूचित जातीची म्हणून, दोन्ही नात्यांनी तिला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. अमरावती आणि अकोला दोन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, आणि नागपुरास उच्च न्यायालयाची विधी सेवा उपसमिती. जाताना मुलीला सोबत न्या, आणि पहिल्या फिर्यादीची जी प्रत ठाण्यातून मिळाली होती ती न विसरता पिशवीत घाला. वकील सर्वांआधी तीच मागेल.